जुनी रायफल गोळ्या झाडून नाही, निगा राखून खराब होते

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर सध्या एक जुनी सिंगल शॉट रायफल सुटी करून ठेवलेली आहे, बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या ब्रिटिश कंपनीची छोटी मार्टिनी, .२२ बोअरची, टार्गेट शूटिंगसाठी बनवलेली, आणि तिच्यात काय काय बिघडलंय ते एकेक बघत गेलो तर गोळ्या झाडून तिचं जवळपास काहीच वाकडं झालेलं दिसत नाही. जे झालंय ते सगळं तिची निगा राखणाऱ्यांनी केलंय. हौसेने केलंय, प्रेमाने केलंय, तेल पाजून पाजून केलंय, पण केलंय त्यांनीच.

पुढे जायच्या आधी नेहमीचं. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा बघा, लायसन्स आणि नोंदणी जे काही लागत असेल ते आधी पूर्ण करा, कारण असली जुनी रायफल बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या नजरेत नव्या बंदुकीइतकीच बंदूक असते. आणि हातात घेतली की पहिलं काम म्हणजे लिव्हर खाली करून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) बघायचं, नुसतं बघायचं नाही तर करंगळीचं टोक लावून चाचपायचं, कोणी कितीही छातीठोकपणे रिकामी आहे म्हणून सांगितलं तरी. चाप, सिअर (चाप ओढेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा तुकडा) वगैरे भागांना मी घरी कानस लावत नाही. ते गनस्मिथचं काम.

आता ही मार्टिनी म्हणजे काय भानगड आहे ते थोडक्यात. मूळ कल्पना पीबॉडी नावाच्या अमेरिकन माणसाची, पेटंट १८६२ चं. नळीच्या मागे एक जाड पोलादी ब्लॉक, तो मागच्या टोकाला खिळलेला, लिव्हर खाली ओढली की ब्लॉकचं पुढचं टोक खाली जातं आणि चेंबर उघडं पडतं. पीबॉडीच्या रायफलला बाहेर घोडा होता आणि तो दर वेळी वेगळा ओढायला लागायचा. स्वित्झर्लंडमधल्या फ्रेडरिक फॉन मार्टिनीने तो घोडाच काढून टाकला, ब्लॉकच्या पोटात स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग बसवली, म्हणजे लिव्हर खालीवर केली की रायफल आपोआप कॉक होते. त्याला एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची नळी जोडली आणि १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री घेतली. ती ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी फेकायची. पुढे तीच यंत्रणा लहान करून बर्मिंगहॅमच्या बीएसएने .२२ च्या टार्गेट रायफली बनवल्या, आणि .२२ लाँग रायफल गोळीचं वजन असतं साधारण ४० ग्रेन, अडीच ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे जी रचना एवढी मोठी गोळी झेलायची तिच्या धाकट्या भावंडाला काम काय, तर ही एवढीशी गोळी. झिजणार कशी? ब्लॉकचा चेहरा अजून सपाट आहे, मागच्या खांद्यावर जिथे धक्का बसतो तिथे फक्त चकाकी आलीये, बास.

सुरुवात स्क्रूंपासून, कारण उघडल्याशिवाय काहीच कळत नाही आणि जुन्या बंदुकीचा इतिहास स्क्रूच्या डोक्यावर लिहिलेला असतो. त्या काळच्या स्क्रूंच्या खाचा एकदम बारीक, आजच्या साध्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक उतरतं असतं, पाचरीसारखं, त्यामुळे ते खाचेच्या तळाशी पोचतच नाही, वरच्या कडांवर जोर देतं आणि थोडा जोर जास्त झाला की उसळून बाहेर येतं, जाता जाता कडा फाडतं आणि शेजारच्या धातूवर एक ओरखडा पण देऊन जातं. माझ्या रायफलवर असे ओरखडे आहेत, आणि ते सगळे एकाच दिशेने आहेत, म्हणजे कोणीतरी उजव्या हाताचा माणूस वर्षानुवर्षं तोच ड्रायव्हर घेऊन तिला साफ करायला उघडत होता. उपाय सोपा आहे पण वेळखाऊ. स्वस्तातले ड्रायव्हर घ्यायचे आणि एकेका स्क्रूसाठी टोक घासून दोन्ही बाजू समांतर करायच्या, रुंदी खाचेच्या लांबीएवढी, जाडी खाचेएवढी, इतकं की टोक खाचेत बसवून हात सोडला तरी ते लटपटत नाही. टोक घासताना गरम होऊन निळं पडू द्यायचं नाही, नाहीतर पाणी उतरतं आणि ते मऊ होतं. मग पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर सोडायचं, सकाळी ड्रायव्हर लावून त्याच्या डोक्यावर हलकेच टकटक करायचं आणि मग फिरवायचं. घाई केली की स्क्रूचं डोकं हातात.

फाटलेल्या खाचांबद्दल एक गोष्ट लिहायचीच आहे. बहुतेक लोक वर आलेला धातू कानशीने काढून टाकतात. तसं केलं की खाच कायमची रुंद होते, कारण तो धातू आला खाचेच्या कडेवरूनच आहे. त्याऐवजी स्क्रू व्हाइसमध्ये तांब्याच्या पट्ट्यांमध्ये धरायचा आणि एक छोटा, गुळगुळीत तोंडाचा हातोडा घेऊन तो उचललेला धातू हळूहळू परत आत बसवायचा. ठोके इतके हलके की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नयेत. वर आलेली कड हळूहळू खाली सरकते, खाच परत अरुंद होते, कधीकधी तर गरजेपेक्षा जास्त अरुंद होते, मग पातळ कानशीने दोन हात मारून खाच मोकळी करायची आणि डोकं पॉलिश करायचं. हे जमलं की जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही. घरच्यांना दाखवलं तर म्हणाले, बरं, स्क्रू आहे.

या छोट्या मार्टिनीचं एक सुख म्हणजे एक पिन काढली की ब्लॉक, लिव्हर, चाप सगळा संच एकत्र खाली निघून येतो. आत बघितलं तर तेलाचं वार्निश झालेलं. खरंच वार्निश, पिवळट तपकिरी, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघत होते. कुठल्यातरी वनस्पती तेलाचे थर असणार, कारण खनिज तेल सहसा असं सुकून कडक होत नाही, जवसासारखं सुकणारं तेल होतं. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, मग ब्रशने घासलं, आणि लिव्हर जी आधी घासत घासत जायची ती एका बोटाने जायला लागली. पार्ट एकही बदलला नाही. इथे बरेच लोक नवीन स्प्रिंग शोधत बसतात, आधी धुवून तर बघा.

आता लाकूड. दस्ता अक्रोडाचा, आणि वरवर बघता सुंदर, पण जिथे तो धातूच्या रिसीव्हरमध्ये (यंत्रणेच्या पेटीत) शिरतो तिथलं लाकूड काळं आणि नखाने दबेल इतकं मऊ. हा रोग जवळपास प्रत्येक जुन्या बंदुकीला असतो आणि कारण एकच, बंदूक तेल घालून उभी ठेवतात, नळी वर आणि दस्ता खाली. तेल महिनोन्महिने खाली ओघळत राहतं आणि दस्त्याच्या तोंडाशी मुरतं, तिथे नसांची टोकं उघडी असतात ना, ती पितच राहतात. मऊ झालेलं लाकूड दबतं, दस्ता ढिला होतो. मार्टिनीत दस्त्याच्या आतून एक लांब बोल्ट जातो, बट प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) काढून मागून लांब ड्रायव्हर घालायला लागतो. मग मालकाला वाटतं बोल्ट सैल झाला, तो आवळतो. पुन्हा दबतं, पुन्हा आवळतो. शेवटी लाकडाला चीर जाते. माझ्या दस्त्याला बोटभर लांब चीर आहे, आणि ती आवळून आवळूनच गेलेली आहे, धक्क्याने नाही. .२२ ला धक्का असतो कुठे!

तेल काढायची जुनी पद्धत म्हणजे व्हायटिंग, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड, खडूच म्हणा. ती अॅसिटोनमध्ये कालवून दाट लेप करायचा आणि तेलकट भागावर थापायचा. सॉल्व्हंट लाकडात शिरून तेल पातळ करतं, उडताना ते पृष्ठभागाकडे ओढून आणतं आणि पूड ते शोषून घेते. पांढरा लेप बघता बघता पिवळा, मग तपकिरी होतो. झाडून टाकायचा, परत थापायचा. हे किती वेळा करायचं याला नियम नाही, लेप पांढराच राहायला लागला की थांबायचं. दार खिडक्या उघड्या ठेवायच्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि हॉट एअर गनने उष्णता द्यायची असेल तर अॅसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच, त्याआधी अजिबात नाही. लाकूड सुकल्यावर चिरेत पातळ इपॉक्सी सोडलं, चीर उघडबंद करत आत खेचून घेतलं, आणि रबरी पट्टीने आवळून ठेवलं. मऊ भागाला पण तेच इपॉक्सी दोनदा पाजलं. आता नख रुतत नाही.

दस्त्यावर बारके खड्डे बरेच होते. लाकूड दबून झालेला खड्डा असेल तर तो घासून काढायचा नसतो, फुगवायचा असतो. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्रीचं टोक टेकवलं की वाफ आत जाते आणि दबलेले तंतू परत उठतात. नसा तुटलेल्या असतील तर नाही उठत, तिथे तो खड्डा राहू दे. सँडपेपरला माझा इथे ठाम विरोध आहे. कारखान्यातून रायफल निघते तेव्हा लाकूड धातूपेक्षा केसभर वर असतं, मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि दर मालकाने एकदा दस्ता घासून चकाचक केला की दोन चार मालकांनंतर लाकूड धातूच्या खाली जातं आणि मग ते कोणालाच परत वर आणता येत नाही. माझ्या रायफलवर डाव्या बाजूला तसं झालेलंच आहे, बोट फिरवलं तर रिसीव्हरची कड टोचते.

शेवटी उकळलेलं जवसाचं तेल, अगदी पातळ हात, तळव्याने चोळून, आणि अर्ध्या तासाने जे वर राहील ते पुसून. पुढचा हात दुसऱ्या दिवशी. आणि कृपा करून ती फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, त्याने खरोखर वर्कशॉप जळालेली आहेत. मी ती बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून सुकवतो.

नळीच्या आतली गोष्ट सगळ्यात इंटरेस्टिंग आहे. प्रकाश टाकून बघितलं तर चेंबरच्या पुढे काही इंच बारीक खळगे. आता हे गोळ्यांमुळेच झालं ना, असं कोणी म्हणेल. अर्धं बरोबर. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बार पेटवणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे स्वभावाने मिठाचा भाऊच, आणि ते हवेतलं पाणी ओढून पोलादाला गंजवतं. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न गंजवणारी प्रायमर बाजारात यायला लागली, त्याआधीच्या बहुतेक गोळ्या या जातीच्या. आता गंमत अशी की हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. ज्या सैनिकाने नळीत गरम पाणी ओतून मग कोरडी करून तेल दिलं त्याची रायफल वाचली, आणि ज्या शौकिनाने पाण्याच्या भीतीने नुसतं छान तेल लावलं त्याने मीठ तेलाखाली झाकून ठेवलं.

दुसरं दुखणं नळीच्या तोंडाशी. मार्टिनीची मागची बाजू सरळ उघडत नाही, रिसीव्हरची भिंत आड येते, त्यामुळे सफाईचा सरळ रॉड मागून घालता येत नाही, तोंडातूनच घालायला लागतो. रॉड लवतो, कडेला घासतो, रॉडवर बसलेली धूळ कानशीचं काम करते. हे मला कसं कळलं तर एक घट्ट बसणारा कापडी पॅच तेलात भिजवून चेंबरच्या बाजूने तोंडाकडे सावकाश सरकवला. पूर्ण नळीभर हाताला एकसारखा विरोध जाणवतो, आणि शेवटच्या साधारण दीड इंचात एकदम सुटतो. हाताला स्पष्ट कळतं, डोळ्याला काही दिसत नाही. मग कानात घालायचा कापसाचा बोळा तोंडातून आत घालून बाहेर ओढला, जिथे कड उचललेली आहे तिथे कापसाचे तंतू अडकून राहिले, खालच्या बाजूला, म्हणजे रॉड जिथे टेकत होता बरोबर तिथे. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेचा असतो आणि ती एका बाजूने झिजली की मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो, गोळीला कोपरखळी मारतो, नेम पसरतो. ही कड परत कापून देणं लेथचं काम आहे. नळी त्यासाठी गनस्मिथकडे जाणार.

बाहेरच्या गंजासाठी मी उकळायची पद्धत वापरली, आणि माझ्या मते घरी करण्यासारखी याहून चांगली पद्धत नाही. व्हिनेगर किंवा बाजारातले गंज काढायचे द्राव गंज काढतात खरं पण त्याबरोबर मूळ ब्ल्यूइंगही (पोलादावरचा निळाकाळा थर) काढतात, कारण ब्ल्यूइंग म्हणजे पण लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त काळं. उकळत्या पाण्यात उलट होतं, लाल गंजाचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. म्हणजे गंज काढायचा नाही, त्यालाच कामाला लावायचं. जुन्या काळी रस्ट ब्ल्यूइंग करायचे ते याच तत्त्वावर, मुद्दाम गंज चढवायचा आणि उकळायचा.

आधी ग्रीस पूर्ण काढायची, अॅसिटोनने पुसून पुसून, त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. पत्र्याचं लांब पन्हळ, खाली दोन शेगड्या, आत डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग पडतात. नळी रिसीव्हरसकट पूर्ण बुडली पाहिजे. पंधरा वीस मिनिटं उकळल्यावर बाहेर काढली की ती स्वतःच्या उष्णतेने लगेच कोरडी होते, आणि जिथे नारिंगी डाग होते तिथे मखमली काळे डाग दिसतात. मग तेल धुवून काढलेल्या चार शून्य नंबरच्या स्टील वुलने हलकेच घासायचं. वरची सुटी काळी भुकटी निघते, खाली घट्ट काळा थर राहतो आणि मूळ ब्ल्यूइंगमध्ये असा मिसळतो की दोन हातांवरून वेगळा ओळखू येत नाही. जिथे लाल अजून डोकावतं तिथे परत उकळायचं. शेवटी गरम असतानाच तेल.

कोल्ड ब्ल्यूची, म्हणजे न तापवता पोलाद काळं करणाऱ्या द्रावाची, बाटली मी मुद्दाम आणली नाही. त्यात बहुतेक वेळा सेलेनियमची संयुगं असतात, रंग लगेच चढतो पण थर नावालाच, हाताळलं की उडतो, आणि तो वासही ओळखणारे लांबून ओळखतात.

आणि बफिंग व्हील. रिसीव्हरची उजवी बाजू कोणीतरी कधीतरी बफवर धरलेली आहे. कसं ओळखायचं तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यावरून तिरकं सरकवत बघा, सपाट पोलादावर रेघ सरळ जाते, बफ केलेल्यावर ती लहरते, आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा आत बसलेल्या दिसतात. बीएसएच्या तीन रायफलींची खूण तिथे अर्धी पुसली गेलीये. नशीब म्हणजे नळीवरचे प्रूफ मार्क वाचले, मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही, एनपी, म्हणजे १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम प्रूफ हाउसने ती तपासली, आणि एनपी म्हणजे धूरविरहित बारूद चालेल अशी. ही अक्षरं गेली असती तर नळी फक्त नळी राहिली असती. पुसलेली खूण परत कोरून घ्या असा सल्ला एका मित्राने दिला, मी नाही म्हणालो. बनावट वाटेल.

झाडायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. .२२ काडतुसाची रिम (बुडाची कड) जास्तीत जास्त ०.०४३ इंच जाड असते आणि ब्लॉक व नळी यांच्यातली जागा त्याहून फार मोठी झाली तर रिम मागे फुगते, फाटलीच तर वायू डोळ्यांकडे येतो. हे गेजनेच मोजायचं, अंदाजाने नाही. शिवाय रिमफायर, म्हणजे रिमवरच पिन आपटणारी बंदूक, रिकामी झाडत राहिलं की फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे चीर पाडते, माझ्याकडे ती बारीक दिसतेय, तेही गनस्मिथने बघायचंय. त्याने हिरवा कंदील दिला तर टार्गेटचे फोटो टाकीन.

तोपर्यंत माझ्याकडून तिला मिळणारी निगा एवढीच. रॉड नाही, चेंबरच्या बाजूने सोडलेला दोरीचा पुल-थ्रू, तो पण सरळ ओढायचा, कडेला घासू न देता. तेलाचा एक थेंब कापडावर, धातूवर थेट नाही. आणि कपाटात ठेवायची ती नळी खाली करून, खाली एक जाड कापडाची घडी, म्हणजे जे काही ओघळायचं ते तिकडे ओघळेल.